दोर वळणाऱ्याची पावलं

चिमणीचं वय वीस, उंची आईपेक्षा दोन बोटं जास्त आणि आवाज असा की शेजारच्या घरातलं तान्हं मूल दचकून उठावं. तरी घरात ती चिमणीच. कॉलेजात ती फिल्म करायला शिकत होती. या शिक्षणाचं पुढे काय करतात ते घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. आई अधूनमधून विचारायची, "म्हणजे तू नक्की होणार कोण?" चिमणी म्हणायची, "बघू." एवढ्यावर तो विषय मिटायचा.

तर या कॉलेजात एक दिवस नोटीस लागली. विद्यार्थ्यांसाठी लघुपट स्पर्धा, विषय 'आपली ओळख, आपला वारसा', लांबी पाच मिनिटं. वारसा म्हटल्यावर पोरांनी जे करायचं तेच केलं. कुणी पडक्या बुरुजाकडे धावलं, कुणी संग्रहालयातली गंजकी शस्त्रं धरली. दोघांनी तर एकाच पुतळ्याभोवती दोन बाजूंनी कॅमेरा फिरवला आणि कुणी कुणाची कल्पना चोरली यावर आठवडाभर भांडले. चिमणीला कुठे शोधायला जावं लागलं नाही. तिचा वारसा घरातच खुर्चीत बसून चष्मा शोधत होता आणि चष्मा त्याच्या कपाळावर होता.

आजोबा म्हणजे आईचे वडील. आई, आजोबा आणि चिमणी असं तिघांचं घर. आजोबांनी साठ वर्षं दोर वळले. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. दोर वळायला जागा लागते ती लांबच लांब आणि अरुंद. आजोबांची पत्र्याची शेड तशीच होती, दीडशे पावलं लांब आणि दोन खाटा शेजारी मावणार नाहीत एवढी अरुंद. एका टोकाला भिंतीशी चाक, चाकाला आकडा. विंचरलेला ताग कमरेभोवती गुंडाळायचा, त्याचं टोक आकड्याला अडकवायचं, चाक फिरायला लागलं की बोटांनी थोडा थोडा ताग सोडत मागे मागे चालायचं. समोर पीळ पडत जातो आणि दोराचा एकेक पदर लांबत जातो. म्हणजे या धंद्यात माणूस जन्मभर मागे चालतो. आजोबा अभिमानाने सांगायचे की साठ वर्षांत एकदाही मान वळवून मागे बघितलं नाही, वाट टाचांना पाठ आहे.

टाचांना पाठ होती, पण डोक्याला बाकीचं पाठ राहीनासं झालं होतं. गेल्या दोन वर्षांत आजोबा विसरायला लागले होते. औषध घेतलं की नाही, आज वार कोणता, समोरच्या दुकानदाराची बायको जिवंत आहे की गेली. सुरुवातीला आई त्यांना दुरुस्त करायची, मग घरात कटकट व्हायची, आजोबा जेवणावरून उठायचे. मग आईने पद्धत बदलली. आजोबा जे म्हणतील त्याला हो म्हणायचं. "मी आज सकाळी फिरून आलो." "हो बाबा, आलात." "त्या दुकानदाराने मला ओळखलं नाही." "हो, त्याचंच चुकलं." चिमणीनेही तेच उचललं. घरात शांतता आली. आपण किती समजूतदार आहोत असं दोघींना वाटायचं, आणि कुणाला वाटलं नसतं?

हात मात्र काही विसरले नव्हते. ताग कमरेला आला की आजोबा वीस वर्षांनी लहान व्हायचे, बोलणंसुद्धा सरळ व्हायचं. सगळं निसटत चाललेल्या माणसाकडे ही एकच गोष्ट शिल्लक होती आणि ती आहे हे त्यांना ठाऊक होतं. शेड मात्र विकली गेली होती. महिनाअखेर पत्रे उतरणार होते आणि तिथे गाड्या उभ्या राहणार होत्या. चिमणीने फिल्मसाठी विचारलं तेव्हा आजोबा लगेच तयार झाले, पण एक अट घातली.

"मी करतो तस्संच दाखवायचं. सजवायचं नाही."

"नाही सजवत."

"एकदा एका पेपरवाल्याने मला दोराच्या गुंडाळीवर बसवून फोटो काढला. बसून कोण दोर वळतं गं? लंबू आणि रेडिओ मला वर्षभर 'बैठे कारागीर' म्हणत होते."

लंबू आणि रेडिओ हे आजोबांचे धंद्यातले दोन जुने सोबती. लंबू उंच म्हणून लंबू. रेडिओला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा, म्हणून तो रेडिओ. त्या कामातली जाणती माणसं आता एवढीच उरली होती. जगाने काय म्हटलं याची आजोबांना पर्वा नव्हती, पण या दोघांसमोर त्यांना नाव राखायचं होतं.

"शप्पथ, आजोबा. तुम्ही कराल तसंच," चिमणी म्हणाली.

शूटिंग एका सकाळी झालं. कॉलेजचा कॅमेरा तिपाईवर ठेवून चिमणीने चाकाजवळून एकच लांब शॉट घेतला. आजोबांनी ताग कमरेला गुंडाळला, चाकाची मोटर सुरू केली आणि मागे मागे निघाले. तीन मिनिटं. एकदाही अडखळले नाहीत. शेवटी इतके लांब गेले की दाराच्या उजेडात फक्त एक आकृती आणि तिच्यापासून कॅमेऱ्यापर्यंत ताणलेली एक रेघ एवढंच उरलं. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण पहिल्यांदाच काहीतरी चांगलं केलंय हे तिला कळलं.

फिल्म जोडायचं काम कात्रीकडे होतं. कात्री हा तिचा वर्गमित्र, जोडकामात पटाईत, म्हणून हे नाव. पोरगा मनाने सोन्यासारखा, पण दुसऱ्याचं काम सुधारून देण्याची भारी हौस. फिल्म पाठवायच्या शेवटच्या दिवशी दोघं एकत्र बसणार होते. नेमके त्याच दुपारी आजोबा घरातून निघाले आणि परत यायची वाट विसरले. चिमणी आणि आई गल्ल्या पालथ्या घालत होत्या. चारच्या सुमाराला आजोबा एका बसथांब्यावर सापडले. कात्रीचा फोन आला, "सगळं तयार आहे, पाचला मुदत संपते, पाठवू का?" चिमणी म्हणाली, "पाठव बाबा, पाठव." तेव्हा तिच्या एका हातात आजोबांचा हात होता आणि दुसऱ्या हातात त्यांची चप्पल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कात्रीने मोठ्या उत्साहाने फिल्म लावली. "तुझा मेन शॉट उलटा पडला होता, बरं का. आजोबा मागे मागे चालत होते. मी सरळ केला. आणि खाली बासरी टाकली."

चिमणी बघत राहिली. पडद्यावर दाराच्या उजेडातून आजोबा कॅमेऱ्याकडे चालत येत होते, पुढे, ऐटीत. आणि वळलेला पदर त्यांच्या बोटांत शिरून, पीळ सुटून, पुन्हा ताग होऊन कमरेला चिकटत होता. चाकाशी पोचेपर्यंत हातात काहीच उरलं नाही.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "दोर मागे चालतच वळतात."

कात्रीचा चेहरा पडला. "माणूस मागे चालत काम करतो? मला काय माहीत? कुणाला माहीत असणार?"

त्यात त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा. आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं?

चिमणीने आयोजकांच्या कचेरीत फोन केला. एका बाईंनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आलेल्या फिल्ममध्ये बदल करता येत नाही, नियम सगळ्यांना सारखा. चिमणी प्रत्यक्ष गेली. बाई तिथेही तितक्याच गोड होत्या. "एक शॉट उलटा आहे, एवढंच ना? कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही." मग मागे घेते म्हणाली, तर बाई म्हणाल्या, निवड झालीये, कार्यक्रमपत्रिका छापून आलीये, आणि अभिनंदन. गोड माणसांपुढे कुणाचं काही चालत नाही. ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "पुढच्या वेळी शेवटचा हात स्वतः फिरवायचा. धडा समज." धडा तिला मिळाला होताच, पण तो घेऊन आता करायचं काय हे सर सांगेनात.

शेवटी तिने आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांना आधी सांगू नकोस. रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन बसतील. मागच्या रांगेत बसवू. डोळे कुठे धड आहेत त्यांचे? आणि बघितलंच तर दोन दिवसांत विसरतील."

चिमणीला हे पटलं नाही. पण सोयीचं होतं, म्हणून तिने पटवून घेतलं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. रोज आजोबा विचारायचे, "किती दिवस राहिले गं?" आणि ती नुसते दिवस मोजून सांगायची. त्यांनी लंबू आणि रेडिओला स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. एवढं मात्र ते विसरले नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी आजोबा दुपारपासून इस्त्रीचा सदरा घालून बसले. सभागृह भरलं होतं. आईने मागची रांग धरली, पण लंबूने पुढे हात केला. "कारागीर मागे बसतो का? चल पुढे." तिघं म्हातारे दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. चिमणी बाजूच्या भिंतीशी उभी राहिली. चार फिल्मा झाल्या, बुरुज झाले, पुतळा दोन्ही बाजूंनी झाला. मग तिची लागली.

आजोबा पडद्यावर पुढे चालत आले. सभागृह चिडीचूप होतं, फक्त बासरी. त्या शांततेत रेडिओचा आवाज घुमला.

"हे काय करतोय हा? वळतोय की सोडतोय?"

लोक हसले. लंबूने रेडिओच्या मांडीवर हात ठेवला, पण रेडिओला वाटलं लंबूलाच ऐकू आलं नाही, म्हणून तो आणखी मोठ्याने म्हणाला, "अरे, पुढे चालतोय बघ! सगळा पीळ सुटला!"

चिमणीला आजोबांची फक्त मान दिसत होती. ती आधी ताठ होती. मग ती थोडी पुढे झुकली, नीट दिसावं म्हणून. आणि फिल्म संपेपर्यंत ती तशीच राहिली. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. त्या टाळ्यांमध्येच लंबू उठला आणि आजोबांना खांद्याला धरून, पाणी प्यायला म्हणून, बाहेर घेऊन गेला.

त्यानंतर जे झालं ते चिमणी जन्मात विसरणार नाही. तिला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एक वृद्ध कारागीर आपल्याकडे चालत येतो आणि त्याचं आयुष्यभराचं काम उलगडत उलगडत पुन्हा त्याच्याच पोटाशी जमा होतं, वारशाबद्दल याहून खोल विधान मी अलीकडे पाहिलेलं नाही. चिमणीला स्टेजवर बोलावलं. तिने माइक घेतला आणि सगळं एका दमात बोलून टाकलं.

"तो शॉट उलटा आहे. चुकून उलटा लागलाय. आजोबा असं काम करत नाहीत, ते मागे चालतात."

मग निवेदक हसून म्हणाला, "बघा, म्हणजे काळच उलटा फिरवलाय हिने! काय कल्पना आहे!" आणि सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. ज्यांना हे ऐकायला हवं होतं ते तिघं तेव्हा बाहेर नळाशी उभे होते.

घरी येताना रिक्षात आजोबांनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. तो शॉट तिने पुन्हा सुलटा करून घेतला होता. पडद्यावर आजोबा मागे मागे जात होते आणि दोराचा पदर लांबत होता.

"हे बघा, आजोबा. तुम्ही असंच केलं होतंत. कात्रीने ते चुकून उलटं लावलं. मी परत जसंच्या तसं केलं."

आजोबांनी शेवटपर्यंत बघितलं. मग शांतपणे विचारलं, "म्हणजे या यंत्रात माणसाला हवं तसं चालवता येतं?"

"हो ना. एक बटण दाबलं की झालं."

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं.

"मग काल भरल्या सभेत लावलं ते खोटं," आजोबा म्हणाले, "आणि आज माझ्या एकट्यासाठी लावलंस ते खरं. असंच ना?"

"आजोबा, खरंच..."

"असू दे गं."

तिने कात्रीला बोलावून घेतलं. बिचारा धावत आला, आजोबांच्या पायाशी बसून म्हणाला, चूक माझी आहे. आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, मैत्रिणीसाठी आळ अंगावर घेणारा पोरगा आजकाल सापडत नाही. तिने लंबूआजोबांना फोन केला. सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, हं हं म्हणत होते, आणि शेवटी म्हणाले, "बरोबर आहे, बाळ. आम्ही कुठे काय म्हटलं? आता वयच झालंय त्याचं. तू त्याला जप." आई कामावरून आली आणि तिनेही सांगून बघितलं. आजोबा तिच्याकडे बघून नुसते हसले.

शेवटी चिमणी म्हणाली, "चला, शेडवर जाऊ. तुम्ही करून दाखवा, तुमचं तुम्हालाच कळेल." आजोबा उठले, चप्पल घातली. शेडच्या वळणावर पोचले तेव्हा पत्रे उतरवून झाले होते. जमिनीवर खडी पसरली होती आणि दोन माणसं पांढऱ्या रंगाने गाड्यांसाठी रेषा ओढत होती. चाकाचं काय झालं ते त्या माणसांना माहीत नव्हतं. भंगारवाला येऊन गेला म्हणाले.

परतताना आजोबा एका दुकानाच्या पायरीवर टेकले. चिमणी शेजारी बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, कात्रीचा, त्या गोड बाईंचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. आठ दिवस तोंडात मूग धरून बसली नसती तर यातलं काहीच झालं नसतं.

"डॉक्टर तुझ्या आईला काय म्हणाले होते, ठाऊक आहे मला," आजोबा म्हणाले. "त्यांच्याशी वाद घालू नका, ते म्हणतील त्याला हो म्हणा. दार उघडं होतं. बाकी सगळं विसरतो, ते नाही विसरलो. दोन वर्षं झाली, या घरात मला कुणी नाही म्हटलेलं नाही. मी म्हटलं ना की आज सूर्य उगवला नाही, तरी तुम्ही दोघी हो म्हणाल."

चिमणी त्यांच्याकडे वळून बसली.

"म्हणून विचारतो. तुझ्यावर माझा राग नाही. तू मला जपतेस, कळतं मला. पण मला एकदा खरं ऐकायचंय. चुकलो तर चुकलो. माणसाला कळायला नको का, आपलं काय उरलंय ते?" त्यांनी तिचा हात हातात घेतला. बोटं अजून तशीच खरखरीत होती. "त्या दिवशी मी पुढे चालत गेलो ना?"

"नाही, आजोबा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. हातातला हात हळूच सोडून द्यायला लागले.

"चिमणे, मला मूर्ख समजू नकोस. एवढंच मागतोय."

रस्त्यावरून एक गाडी गेली, मग दुसरी. चिमणीने सगळं सांगून बघितलं होतं, दाखवून बघितलं होतं, साक्षीदार आणून बघितले होते. आता तिच्याकडे एकच उत्तर उरलं होतं ज्यावर ते विश्वास ठेवणार होते.

"हो," ती म्हणाली. "पुढे चालत गेलात."

आजोबांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. त्यांनी तिचा हात पुन्हा घट्ट धरला आणि दोनदा थोपटला.

"शाबास. घरात एक तरी माणूस खरं बोलतं म्हणायचं."

त्या दिवसापासून आजोबांना काही आठवेनासं झालं की ते आईला विचारत नाहीत. चिमणी येईपर्यंत थांबतात आणि तिला विचारतात.